राक्षसाचा प्राण कुठे असतो?

लहानपणी आमच्या घरात पुस्तके नव्हती. शाळेची पाठ्यपुस्तके आणि भिंतीवरची दिनदर्शिका सोडली, तर छापलेला कागद घरात यायचा तो किराणा दुकानातल्या पुडीचा. पण गोष्टींची मात्र कधी वाण पडली नाही. आजीला अक्षरओळख नाही. तरी रात्री जेवणे उरकून अंगणात बाज टाकली, की तिच्या तोंडून राक्षस, राजकन्या, बोलणारे पक्षी आणि उडत्या खडावा एकामागून एक बाहेर पडत. त्यांतला एक राक्षस माझ्या विशेष ओळखीचा. त्याला कितीही मारा, तो मरत नसे. कारण त्याचा प्राण त्याच्या देहात नव्हताच; तो सात समुद्रांपलीकडे एका पिंजऱ्यातल्या पोपटात होता. ज्याला हे गुपित कळले, त्यालाच राक्षस मारता आला.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी मराठीच्या तासाला आरंभीच्या कादंबरीविषयी शिकवताना सरांनी ‘अद्भुतरम्य कादंबरी’ हे शब्द फळ्यावर लिहिले, तेव्हा मी टिपणे काढायचीच विसरले. कॉलेजात, तेही अभ्यासक्रमात, आजीच्या गोष्टींना जागा आहे, या कल्पनेनेच मला हर्ष झाला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, अशी दोन नावे सरांनी सांगितली. दुसरे नाव मला फार गोड वाटले. सरांच्या मागे लागून मी ती कादंबरी वाचायला मिळवली आणि दिवाळीच्या सुट्टीत दौंडला मामांकडे गेले ती ‘मंजुघोषा’ बरोबर घेऊनच.

वाचून झाली आणि माझी निराशा झाली. ती निराशा एवढी बोचली, की तिचे कारण शोधल्यावाचून मला राहवेना. त्या शोधाची ही हकीकत.

कोणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीची भाषा तुला पेलली नसेल. भाषा जड आहे हे खरे. संस्कृत समासांच्या लांबच लांब माळा आहेत. पण तो दोष मी मानत नाही. सवय झाली की तशी भाषाही कानाला गोड लागते. माझी तक्रार वेगळी आहे. या कादंबरीत राजे आहेत, राजकन्या आहे, महाल आणि उद्याने आहेत, ताटातूट आहे, अवचित भेटी आहेत. नायिका सुंदर आहे म्हणजे किती सुंदर आहे, हे सांगताना लेखणी थकत नाही. संकटे येतात, पण वाचणाऱ्याला भीती म्हणून वाटत नाही. कारण लेखक यांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. आजीच्या गोष्टीतला राक्षस दारात आला की मी तिच्या लुगड्याचा पदर घट्ट धरत असे. ‘मंजुघोषा’ वाचताना मला कशाचाच पदर धरावा लागला नाही. सगळे अद्भुत होते, पण ते कोणाचे होते? त्या राज्यात पाऊस पडतो की नाही, तिथली माणसे काय पेरतात, त्यांना कसली चिंता असते, याचा पत्ताच नाही.

कादंबरीहून मला तिची प्रस्तावनाच अधिक महत्त्वाची वाटली. रिसबूडांनी तीत आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या आयुष्यात मन गुंतवून ठेवील असे काही सापडत नाही. रोजच्या अनुभवातल्या गोष्टी लिहाव्यात, तर त्यांत वाचकाला गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे वाचून मी पुस्तक मिटले. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही! हे वाक्य मला नवे नव्हते. आमच्याकडे पाहुणा आला आणि ‘काय म्हणता, काय विशेष?’ असे विचारले, तर माझी आई हेच उत्तर देते, ‘आमचं काय असणार विशेष?’ आई हे बोलते त्याचे मला वाईट वाटते. पण एखादा विद्वान लेखक ग्रंथाच्या आरंभी सगळ्या समाजाच्या वतीने तेच लिहून ठेवतो, तेव्हा त्याला प्रश्न विचारला पाहिजे.

रिसबूडांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजू आधी मांडते. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी, मुलगाही पोरच, नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलेले नाही. अशा समाजात प्रीतिविवाहाची कथा कशी रचावी, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. पेच आहे हे त्यांनी कबूल केले. ज्या चालींमुळे आयुष्य नीरस झाले त्यांच्याकडे बोटही दाखवले. इतका प्रामाणिकपणा पुष्कळ लेखकांत नसतो. पण बोट दाखवून ते पाठ फिरवून निघून गेले, हे माझे दुःख आहे. त्यांच्या अकरा वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल कादंबरीत आणले होते. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि कला म्हणून ती कच्ची असेल. पण नजर घराच्या आतल्या अंधारावर होती. पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. हरिभाऊंची यमू याच बालविवाहाच्या चालीत वाढली, याच चालीत संपली. रिसबूडांना ज्या आयुष्यात काही सापडले नाही, त्याच आयुष्यातून बावीस वर्षांनी मराठीतील एक थोर कादंबरी निघाली. म्हणजे विहीर कोरडी नव्हती. पोहरा खोल सोडला गेला नव्हता.

आता यावर कोणी म्हणेल, की हा सारा वास्तववादाचा जयजयकार झाला, आणि अद्भुत कादंबरी मुळातच खोटी ठरली. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मला अद्भुत हवे आहे. ‘मंजुघोषा’ने माझी निराशा केली ती त्यात अद्भुत फार आहे म्हणून नव्हे, तर कमी आहे म्हणून!

मी हे पुस्तक वाचत होते ते दौंडला. मामांचे घर रुळांपासून लांब नाही. रात्री मालगाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरतात. पुण्याहून सोलापूरकडे जाणारे रूळ १८६० पर्यंत सोलापुरात पोचले होते. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई या भागाला सलग जोडली गेली. दौंडहून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ चा. म्हणजे ‘मंजुघोषा’ छापली गेली तेव्हा पोटात विस्तव आणि पाणी घेऊन धावणारे एक लोखंडी जनावर भीमेच्या काठाने रोज येत-जात होते. ज्यांनी बैलगाडीपेक्षा वेगवान काही पाहिले नव्हते, त्या माणसांनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले असेल? याहून मोठे अद्भुत कोणत्या राजवाड्यात घडते? पण ते पुस्तकाच्या दारापर्यंत आले नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट सात वर्षांनी घडली. शिरूर आणि दौंड हे आमचे दोन तालुके. त्यांतला दौंडचा भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते तेव्हा तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. त्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच शेतसारा वाढला. कर्ज मात्र जागचे हलेना. व्याजावर व्याज चढून जमिनी सावकाराच्या नावावर जाऊ लागल्या. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून गावातल्या एका प्रतिष्ठित कर्जदाराचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून कोणी काही घेईना, त्यांचे काम कोणी करीना. बहिष्काराचे लोण गावोगाव गेले. मग १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे, बाजाराच्या ठिकाणी दंगा झाला आणि तो भीमथडी, शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्याच्या काही भागांत पसरला. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

या दंग्यांत दुकाने लुटली गेली, मालमत्तेची नासधूस झाली, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगालाही एक गोष्ट विशेष वाटली. माणसांच्या जिवावर हल्ले फारसे झाले नाहीत. जमावाला हवे होते ते कर्जरोखे. सावकाराने रोखे काढून दिले की ते चव्हाट्यावर जाळायचे आणि निघून जायचे, असाच प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला.

वाचकहो, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजीचा राक्षस आठवला. निरक्षर शेतकऱ्यांनी सावकाराला मारले नाही, कारण त्यांना गुपित ठाऊक होते. राक्षसाचा प्राण राक्षसात नव्हता. तो कागदात होता! ज्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, ज्यावर त्यांनी किंवा त्यांच्या बापाने नुसती निशाणी केली होती, त्या कागदाने त्यांची जमीन, बैल आणि घर मंत्र घातल्यासारखे बांधून टाकले होते. म्हणून त्यांनी पिंजऱ्यातला पोपटच पकडला. आजीच्या गोष्टी म्हणजे पोरांना झोपवण्याचे साधन, असे मी समजत होते. आता वाटते, त्या गोष्टी ज्यांनी रचल्या त्यांना जगाची रीत चांगली माहीत होती. बलवान माणसाचे बळ त्याच्या दंडात नसते, ते दुसरीकडे कुठेतरी ठेवलेले असते, एवढे शहाणपण त्या एका पोपटात आहे.

आमच्या घरात आजही एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबाराचे उतारे, कर्जाच्या पावत्या, कसल्या कसल्या नोटिसा असतात. पणजोबांच्या अंगठ्याचा ठसा असलेला एक पिवळा कागदही आहे. आजी त्या पेटीला हात लावायला घाबरते. घरात असा कागद आला की पूर्वी तो घेऊन शेजारच्या गावी एका गृहस्थांकडे जावे लागे आणि ते सांगतील तोच त्याचा अर्थ. आता वडील कागद माझ्यापुढे ठेवतात. मी तो मोठ्याने वाचते, आणि घरातली सगळी माणसे काम टाकून उभी राहतात. त्या वेळी मला कळते, की कागदाची जादू अजून उतरलेली नाही. फक्त मंत्र वाचणारे कोणीतरी घरात तयार झाले आहे. ‘मंजुघोषा’त मी हे शोधत होते का? नकळत शोधत होते. अद्भुत कादंबरी म्हणजे जिच्यात या पेटीची भीती राक्षसाचे रूप घेऊन उभी राहील, अशी काहीतरी माझी अपेक्षा होती.

वर्गातल्या माझ्या मैत्रिणीशी यावरून वाद झाला. ती म्हणाली, ‘अगं, परीकथा वाचताना असे हिशेब मांडतात का? करमणूक म्हणून वाच नि सोडून दे.’ तिचा मुद्दा टाकाऊ नाही. दिवसभर राबून थकलेल्या माणसाला घटकाभर दुसऱ्या जगात जावेसे वाटले, तर त्यात पाप कसले? पण दुसऱ्या जगात जायलाही वाट आपल्याच दारातून निघावी लागते. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आम्ही दोघींनी शाळेत असताना मराठीतून वाचले होते. त्यातला मुलगा जादूच्या शाळेला जातो तो लंडनच्या खऱ्याखुऱ्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून, पावणेदहा नंबरच्या फलाटावरून. आगगाडी आणि वसतिगृहाची शाळा या गोष्टी तिथल्या वाचकाच्या रोजच्या माहितीतल्या. लेखिकेने जादू ठेवली ती ओळखीच्या दोन फलाटांच्या मधल्या भिंतीत. म्हणून तर मी दौंडच्या पुलावर उभी राहून पुष्कळदा खालचे फलाट मोजले आहेत! इंग्लंडातल्या पुस्तकाने मला दौंडचे स्टेशन निराळ्या नजरेने पाहायला शिकवावे आणि पुण्या-मुंबईकडच्या पुस्तकाने शिकवू नये, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडे तर कादंबरी या शब्दाचाच जन्म अद्भुतातून झाला आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या काळी, बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहिली. ती पुरी होण्याआधी तो वारला आणि त्याच्या मुलाने ती तडीस नेली. त्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव आपण मराठीत या सगळ्या साहित्यप्रकाराला दिले. त्या कथेतही एक बोलणारा पोपट आहे, आणि त्याला राजाच्या दरबारात कोण घेऊन येते? एक चांडाळकन्या. ती खरी कोण हे पुढे उलगडते, तो भाग वेगळा. पण दरबाराच्या दारात जिला कोणी उभे केले नसते, तिच्याच हातात गोष्टीचा पिंजरा आहे, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

मग आमच्या भागात अद्भुताला तोटा आहे का? शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यांतली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचे गाव होते. त्या लोकांनी मेलेली लहान मुले दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरली. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले. मेलेल्याने उठून दूर जाऊ नये, घरापाशीच राहावे, अशी त्यामागची समजूत असावी, असा अंदाज संशोधक करतात. चार पायांच्या एका मोठ्या रांजणात तर माणूस बसलेल्या स्थितीत सापडला. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी एका आईने आपले मूल स्वतःच्या झोपायच्या जागेखाली पुरले! ते लांब एकटे राहू नये म्हणूनच ना? कोणत्या राजकन्येचे दुःख याच्या जवळ जाईल?

तीच गोष्ट कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांची. पारनेर तालुक्यातले निघोज आणि आमच्या तालुक्यातले टाकळी हाजी यांच्या मधोमध नदीचा काळा कातळ रांजणांसारखा कोरला गेला आहे. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरून ते खळगे झाले, असे भूगोल सांगतो. सात बाजांची सुंभे एकाला एक बांधून सोडली तरी तळ लागत नाही, असे आजी सांगते. मला दोन्ही उत्तरे आवडतात. आणि उसातल्या बिबट्याविषयी तर बोलायलाच नको. आमच्या तालुक्यात तो गोष्टीतला नाही. अंधार पडायच्या आत पोरे घरात घ्यावी लागतात, रात्रीच्या पाळीची वीज आली की माणूस जीव मुठीत धरून पाणी द्यायला जातो. कादंबरीतल्या काल्पनिक श्वापदाने ज्याला घाबरवायचे, त्या वाचकाची भीती आधी एवढी खरी आहे, हे लेखकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

शेवटी एक कबुली देते. याच वार्षिक अंकासाठी मी आधी एक कथा लिहिली होती. तिच्यात संगमरवरी महाल होता, बर्फ पडत होते, आणि नायिकेचे नाव मी दोन दिवस विचार करून शोधले होते. सरांना दाखवण्यापूर्वी मी ती आजीला वाचून दाखवली. आजीने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘ही पोर कुठली गं? हिच्या घरी कोण कोण असतं?’ मला उत्तर देता आले नाही. ‘मंजुघोषा’विषयी जी तक्रार मी इतक्या तावातावाने मांडली आहे, तीच आजीने माझ्या कथेविषयी एका वाक्यात केली होती. आपल्या घरात सांगण्यासारखे काही नाही, असे रिसबूडांनी निदान प्रस्तावनेत लिहून मान्य केले. मी ते न लिहिताच मानून बसले होते. दोष दीडशे वर्षांचा जुना आहे आणि तो माझ्या पेनातही उतरलेला आहे.

ती कथा मी फाडली नाही. वहीतच ठेवली आहे. तिच्यातला महाल काढून तिथे पत्र्याची पेटी ठेवता येते का, हे सध्या बघते आहे. राक्षस तसाच राहील. त्याचा प्राणही पूर्वीप्रमाणे दुसरीकडेच असेल. जमली तर पुढच्या अंकात देईन. नाही जमली, तर आमच्यापैकी दुसऱ्या कोणी लिहावी. शिरूर-दौंडच्या मातीतली अद्भुत कादंबरी अजून मला वाचायची आहे, आणि ती वाचताना कोणाचा तरी पदर घट्ट धरावासा वाटला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.